गच्चीचं तोंड

माझं काम ओरडायचं. हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून हल्ली मी सांगतच नाही. दालमिलमध्ये कामाला आहे एवढं म्हणते आणि विषय संपवते. पण खरं तेच आहे. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत मी गच्चीवर एका डब्यावर बसते आणि ओरडते.

जळगावच्या एमआयडीसीत आमची मिल. तुरीला तेलपाणी लावून ती दोन-तीन दिवस उन्हात वाळवावी लागते, त्याशिवाय साल सुटत नाही. त्यासाठी गोदामावर ही लांबरुंद गच्ची आहे. सहा बायका वर येतात, सगळ्या अनवाणी, कारण धान्यावर चप्पल घालून आमच्यात कुणी चालत नाही. तूर पसरायची आणि मग दिवसभर दाताळ्यानं खालीवर करत राहायची. दाताळं ढकलायचं नसतं, ओढायचं असतं. ओढणारी बाई उलटी चालते, तोंड तुरीकडे आणि पाठ जिकडे जायचं तिकडे. सरळ चाललं तर नुकत्याच हलवलेल्या तुरीवर आपलेच पाय पडतात आणि दाणे दबतात. म्हणून सहाच्या सहा बायका दिवसभर उलट्या चालतात. नव्या माणसाला बघून गंमत वाटते, आम्हाला त्यात काही वाटत नाही.

गच्चीला चारी बाजूंनी कमरेएवढा कठडा आहे. फक्त पूर्वेला एका जागी सहा फूट कठडाच नाही. वाळलेली तूर तिथून फळीनं खाली ढकलतात, खाली अंगणात ताडपत्रीवर ढीग होतो. त्या जागेला सगळे तोंड म्हणतात. संध्याकाळी तोंडाखाली तुरीचा ढीग असतो. दुपारी नुसता सिमेंटचा कोबा असतो, बावीस फूट खाली.

मी त्या तोंडापाशी, बाजूला चार पावलं आत बसते. कुणी उलटी चालत चार पावलांवर आली की मी हाळी देते, "मंजुळा, थांब!" मंजुळाबाई थांबते, दाताळं उचलते, वळते आणि दुसरी ओळ धरते. मग दिपमाला येते. मग तिसरी. असं दिवसातून शंभरेक वेळा तरी होत असेल. मी मोजत बसत नाही.

आधी मीही दाताळंच ओढायचे. माझ्या शेजारच्या ओळीत पुष्पाबाई असायची, एरंडोलकडची. बोलकी होती. तिच्या तोंडाला दम नसायचा आणि माझ्या कानांना. तीन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात ती मला भाच्याच्या लग्नात जिलेबी कशी कमी पडली ते सांगत होती. व्याह्यांची माणसं पंगतीत बसलेली, आणि आचारी... एवढं बोलून ती गप्प झाली. मला वाटलं तिला हसू आलं असेल. मी मान वर केली तर ओळीच्या शेवटी तिचं दाताळं तेवढं पडलेलं होतं.

ती वाचली. पाय मात्र गेले. तिचा मुलगा तिला घेऊन एरंडोलला गेला.

मग मिलमध्ये धावपळ झाली. फाटकावर 'सुरक्षा प्रथम' अशी मोठी पाटी लागली. तिचं तोंड रस्त्याकडे होतं, त्यामुळे ती ट्रकवाल्यांनी वाचली, आम्ही नाही. तोंडाला साखळी लावली. पण संध्याकाळी तूर ढकलताना साखळी आडवी येई, म्हणून बायका ती काढून ठेवत. सकाळी ती परत अडकवायची कुणाच्याच ध्यानात राहत नसे. आठ दिवसांनी ती साखळी मागच्या दाराला कुलूप लावायला गेली. त्यावर भूषणशेठनं तोड काढली. भूषणशेठ म्हणजे मालकाचा मुलगा, आता तोच सगळं बघतो. मनानं वाईट नाही, पण घाईचा आहे. म्हणाला, "तिथं माणूसच बसवू. झुंबर अक्का, तुमचा आवाज खणखणीत आहे. तुम्ही बसा."

मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला बसून काम मिळालं, आणि तेही आवाजाचं कौतुक करून. पण आठ दिवसांतच कळलं की ही जागा काय आहे. तोंड सोडून मला हलता येत नाही. बायका जेवायला टाकीच्या सावलीला बसतात, तिथं हसणं-खिदळणं चालतं. मी इकडे छत्री रोवून एकटी भाकर खाते, कारण जेवता जेवताही एखादी उठते आणि चालायला लागते. पहिल्यांदा त्या मला हाक मारायच्या, नंतर त्यांनीही सोडून दिलं. संध्याकाळी त्या रिक्षात भरून जातात. माझी खोली दुसऱ्या बाजूला आहे, मी पायी जाते.

खोलीवर कुणी नाही. माझा माणूस गेला त्याला बरीच वर्षं झाली. मुलगी सुलक्षणा सुरतेला दिली आहे, ती रविवारी फोन करते आणि पाच मिनिटांत तिच्या कुकरची शिट्टी होते. त्यामुळे दिवसभरात मी माणसांशी जे काही बोलते ते एवढंच: मंजुळा थांब, दिपमाला थांब. आणि त्या थांबतात. माझ्या शब्दावर कुणी थांबतं, ही माझी दिवसभराची कमाई. कुणाला हसू आलं तर येऊ दे.

आता जे सांगायचं ते मला जड जातं, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. दीड वर्षापूर्वी अवेळी पाऊस येऊन गेला. कुणीतरी ओली पासोडी वाळत घालायला एक लांब बांबू तोंडावर आडवा टाकला, या कठड्यावरून त्या कठड्यावर. संध्याकाळी बायकांनी फळ्या घेतल्या. फळीला लांब दांडा असतो, तो तिरपा धरून चार पावलं मागून ढकलावं लागतं. त्यांनी सगळी तूर त्या बांबूखालून खाली ढकलली. बांबू कुणालाच आडवा आला नाही. कुणाला तो दिसलाही नाही.

मला दिसला. मी बसूनच असते, मला दिसणार नाही तर कुणाला? माझ्या लगेच ध्यानात आलं की इथं लोखंडाचे दोन आडवे पाइप पक्के बसवले, एक कमरेला आणि एक गुडघ्याला, तर तूर खालून जाईल आणि माणूस जाणार नाही. साखळीसारखं काढायला नको, घालायला नको. एका दिवसाचं काम. आणि मग इथं कुणी बसायलाही नको.

मी उठले, पासोडी घडी केली आणि बांबू उचलून कोपऱ्यात उभा करून ठेवला. कुणाला काही बोलले नाही. दीड वर्ष बोलले नाही. रोज मनात येई, आणि रोज मी स्वतःला सांगे की मी आहे ना बसलेली, माझ्या डोळ्यांदेखत कोण पडतंय.

या मे महिन्यात ऊन असं तापलं की दुपारी तुरीत पाय ठेवला तर चटका बसायचा. तुरीची बारीक भुकटी उडे आणि घशात जाऊन बसे. एका शुक्रवारी सकाळी उठले तर माझा घसा बसलेला. गरम पाणी प्यायले, हळद घेतली. थोडा आवाज निघाला, तेवढ्यावर कामावर गेले. घरी राहून काय करणार होते? दुपारपर्यंत मी कसंबसं निभावलं. मंजुळाबाईनं एकदा विचारलंही, "अक्का, तुन्हा आवाज बठना का वं?" मी हातानंच नाही म्हटलं.

तीन वाजले असतील. दिपमाला तोंडाच्या ओळीत होती. पंचविशीची पोर, पारोळ्याची, एका कानात नेहमी गाणी लावलेली. ती झपाझप उलटी येत होती. चार पावलांवर आली तसं मी ओरडले. तोंड उघडलं, छाती भरली, आणि बाहेर नुसती हवा आली. पुन्हा ओरडले. पुन्हा हवा. ती तीन पावलांवर आली. दोन. तिनं एकदाही मागं पाहिलं नाही.

मी डब्यावरून उठले ते कसं उठले मला आठवत नाही. ती माझ्यापुढून कडेकडे गेली होती, तिला धरायला हात पुरला नसता. तिचं दाताळं तुरीतून माझ्यासमोर सरकत होतं, मी दोन्ही पायांनी त्यावर उभी राहिले. दाताळं जागीच अडलं. दिपमालाला जोराचा हिसका बसला आणि ती पुढे, तुरीवर पालथी पडली. हिसक्यानं उलटलेल्या दाताळ्याचा एक दात माझ्या तळपायात शिरला होता.

"येडी व्हयनी का तू?" ती उठत ओरडली. "मन्हं ढोपर फुटनं!"

मी बोट दाखवलं. तिनं वळून पाहिलं. तिची टाच जिथं उमटली होती तिथून कडा वीतभर लांब होती. ती मटकन खाली बसली. बाकीच्या धावत आल्या. कुणी पाणी आणलं, कुणी माझा पाय बांधला. दिपमालानं मला विचारलं.

"तू हाळी कसाले नही दिधी?"

"तिना आवाज बठना शे सकायपासून," मंजुळाबाई म्हणाली.

"मंग सकायमाच सांगाले काय व्हयनं व्हतं?" दिपमाला रडत होती. "तू बठेल ऱ्हास म्हनीसन आम्ही मांगे दखतसबी नही, अक्का. आम्ही बठ्ठ्या तुन्हा भरोसावर शेत."

हे मला कधी सुचलं नव्हतं. पुष्पाबाईच्या वेळी बायका निदान अधूनमधून मागं वळून बघायच्या. मी बसायला लागल्यापासून त्यांनी बघणं सोडलं होतं. म्हणजे मी त्यांना वाचवत होते असं मला वाटत होतं, आणि प्रत्यक्षात मी त्यांची मान वळायची सवय मोडली होती. मला स्वतःची शिसारी आली.

रविवारी मी एस.टी.नं एरंडोलला गेले. तीन वर्षांत एकदाही गेले नव्हते. कामातून सवड नाही, पाय दुखतात, अशी कारणं मी मनातल्या मनात देत असे. खरं कारण, मला तिचे पाय बघायचे नव्हते. लंगडत, पत्ता विचारत तिच्या दारात पोचले. ती ओसरीत खाटेवर पडलेली. चेहरा तोच, अंग निम्मं झालेलं.

"झुंबर?" ती म्हणाली. "उनी का तू? ये, बस. तीन वरीसमा आज रस्ता सापडना तुले."

बोलायची हौस तिची गेली नव्हती. मी नसते बोलले तरी तिचं भागत होतं. सून चांगली आहे म्हणाली, नातवंडं त्रास देतात म्हणाली, जिलेबीची गोष्ट राहूनच गेली म्हणून तीही पुरी केली, आणि मी हसले. मग तिनं सहज विचारलं, "तठे आते काय लायं शे? तोंडले?"

"माले बसाडं शे," मी घोगऱ्या आवाजात सांगितलं.

"तुले?" ती बघतच राहिली. मग हसायला लागली. "तू काय कठडा शे का?"

हसून तिला ठसका लागला. तिला पाणी दिलं. मग मी तिला बांबूचं सगळं सांगितलं, पासोडीपासून दाताळ्यापर्यंत. का गप्प राहिले तेही सांगितलं. आवाज नव्हता, कुजबुजावं लागत होतं, त्यामुळे तिला माझ्या अगदी तोंडाजवळ कान आणावा लागला. ऐकून झाल्यावर ती शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माले वाटे, तठे आते लोखंड लागेल व्हई," ती छताकडे बघत म्हणाली. "मन्हावर गयं ते गयं, आते दुसरी कोनी पडाव नही. इतलाच इचार करीसन मी रातले झोपी जास."

 सुनेनं चहा आणला, तो मी उभ्या उभ्या प्यायले आणि निघाले. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. बसभर माणसं होती आणि मला रडू आलेलं कुणाच्या लक्षात आलं नाही.

सोमवारी मी वर न जाता थेट भूषणशेठच्या केबिनमध्ये गेले. आवाज अजून फाटलेलाच होता. त्याच्या टेबलावर नमुन्याची तूर होती, ती मी पसरली, त्यावर दोन पेन आडवे धरले आणि बोटानं दाणे खालून सरकवून दाखवले. त्याला लगेच समजलं. हुशार आहे पोरगा.

"हे तर एका दिवसाचं काम आहे," तो म्हणाला. "अक्का, हे आधी कसं सुचलं नाही कुणाला?"

"सुचलं होतं, शेठ. मला. दीड वर्षापूर्वी."

"मग बोलल्या का नाहीत?"

"तुम्ही मला तिथून उठवलं असतं."

 त्याला कदाचित वाटलं असेल की मी काम जाण्याच्या भीतीनं बोलते आहे. म्हणाला, "अहो, काम कुठं जातंय? खाली चाळणीवर बसवतो तुम्हाला. पंखा आहे तिथं." मी मान डोलावली. चाळणीच्या खोलीत यंत्राचा असा घरघराट असतो की शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नाही. तिथं काम करणाऱ्या बायका खुणांनी बोलतात, आणि थोड्याच दिवसांत तेही सोडतात. हे त्याला कसं सांगणार? त्यानं पंखा खऱ्या मनानं सांगितला होता.

बुधवारी सुकदेव वेल्डर आला. दोन्ही कठड्यांत भोकं पाडून त्यानं खांब गाडले आणि दोन पाइप जोडले. तेवढा वेळ बायकांना दुसऱ्या टोकाला ठेवलं होतं. दुपारी त्यानं पाइपावर हातोडी मारून पाहिली, स्वतः लोंबकळून पाहिलं. खाली अंगणात भूषणशेठ उभा होता. म्हणाला, नीट वजन टाकून बघ. सुकदेव मागं सरून पायानं लाथ मारायला निघाला.

"तसं नाही," मी म्हटलं. "लाथ मारून कुणी पडत नाही. माणूस पाठीनं येतं. मी येते."

सुकदेवनं माझ्या कमरेला दोर बांधला आणि त्याचं टोक टाकीच्या खांबाला गुंडाळून हातात धरलं. मी दिपमालाचं दाताळं घेतलं. तीन वर्षांनी हातात घेतलं होतं. तुरीत रोवलं, पाठ तोंडाकडे केली आणि ओढायला लागले. पायातली जखम ठणकत होती. सहाही बायका काम थांबवून बघत होत्या. मागं बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, कारण त्या बघत नाहीत. दहा पावलं गेले. बारा. कुणीही हाळी दिली नाही. द्यायला कुणी नव्हतंच. तेव्हा मला कळलं की मी इतकी वर्षं तिथं बसून त्या कडेला किती भीत होते. तरी मी आणखी एक पाऊल मागं टाकलं.

पाठीला लोखंड लागलं. कमरेशी एक आणि गुडघ्यामागे एक. उन्हानं चांगलं गरम झालं होतं. मी सगळा भार त्यावर सोडला. ते हललं नाही.

माझा माणूस गेल्यापासून माझ्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता. तो आधार आज मिळाला, आणि दीड वर्ष तो मीच उचलून कोपऱ्यात ठेवला होता.

"काय अक्का, टिकलं का?" खालून भूषणशेठनं विचारलं.

घसा आता बराच सुटला होता, तरी मी तशीच टेकून उभी राहिले. सुकदेवला वाटलं मला चक्कर आली, तो दोर ओढायला लागला. दिपमाला जवळ आली. तिनं माझ्या हातातलं दाताळं काढून घेतलं, पाइपावरून खाली वाकली आणि ओरडली, "टिकनं, शेठ!"

मग तिनं ओळ धरली. उलटी चालत ती दूर गेली, परत तोंडापाशी आली, तिची पाठ पाइपाला लागली, ती वळली आणि पुन्हा गेली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही, पाहायची गरज नव्हती. मी छत्री मिटली, डबा उचलला आणि जिना उतरून चाळणीच्या खोलीत गेले.